आधी टँक पाहा, मग मासा

महानगरांतील सदनिकांमध्ये कुत्रा किंवा मांजर पाळणे अनेकांना जागेअभावी, वेळेअभावी वा शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे शक्य होत नाही. अशा घरांत प्राणी पाळण्याची हौस बहुधा दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील काचेच्या फिश टँकवर भागवली जाते. मुलांचा हट्ट, वाढदिवसाची भेट, वास्तुशास्त्राचा सल्ला किंवा निव्वळ आवड, कारण कोणतेही असो, सुरुवात बहुतेक घरांत सारखीच होते. सुट्टीच्या दिवशी टँक, रंगीत खडी, हवेचा पंप, खाद्याची डबी आणि मासे हे सारे एकाच फेरीत घरी येते. पहिले दोन दिवस अख्खे घर टँकसमोर बसून असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा मासा कोपरा धरून बसतो, आठवड्याभरात दोन-तीन मासे दगावतात आणि काही महिन्यांतच रिकामा टँक माळ्यावर जाऊन पडतो.

यात दोष कोणाचा? ‘दुकानदाराने आजारी मासे दिले,’ असे ग्राहकाला वाटते. ‘तुम्ही पाणी नीट ठेवले नाही,’ असे दुकानदार सांगतो. बहुतेक वेळा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. मासा निवडताना आपण त्याचा रंग पाहतो, शेपटीचा झोक पाहतो, किंमत विचारतो. पण तो कोणत्या पाण्यात, कोणाच्या संगतीत आणि किती दिवसांपासून आहे, हे पाहत नाही. निरोगी मासा ओळखण्याची खरी खूण मात्र तेथेच असते. मासे निवडण्याची ही पद्धत अवघड नाही. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. लागतात ती दहा-पंधरा मिनिटे आणि थोडा संयम.

लागण दुकानात, लक्षणे घरात

शोभिवंत माशांच्या पैदाशीची आणि व्यापाराची देशातील मोठी केंद्रे कोलकाता व चेन्नई परिसरात आहेत. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरील रविवारचा बाजार आणि चेन्नईतील कोळत्तूर भाग या व्यवसायात सर्वपरिचित आहेत. मुंबई-पुण्याच्या दुकानांत दिसणारे बरेचसे मासे अशा केंद्रांतून प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, रेल्वेने किंवा विमानाने येतात. पैदास केंद्रातून घाऊक व्यापाऱ्याकडे, तेथून किरकोळ दुकानात आणि तेथून आपल्या घरी, अशा प्रवासात काही दिवसांतच माशाचे पाणी तीन-चार वेळा बदलते. प्रत्येक वेळी तापमान वेगळे, क्षारांचे प्रमाण वेगळे आणि पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता किंवा अल्कता, तीही वेगळी असते.

या ओढाताणीचा परिणाम माशाच्या शरीरावर होतो. ताणाखाली त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि रोगप्रतिकारशक्ती घटते. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे पहिले संरक्षक कवच. जाळीने वारंवार पकडल्यामुळे तोही जागोजागी निघतो. एरवी पाण्यात असूनही फारसे उपद्रवी न ठरणारे जिवाणू, बुरशी आणि परजीवी नेमकी हीच संधी साधतात.

हौशी मंडळींना सर्वाधिक सतावणारा ‘पांढरे ठिपके’ हा रोग याचे उत्तम उदाहरण आहे. मत्स्यपालकांत तो ‘इक’ या नावाने ओळखला जातो. त्याला कारणीभूत असणारा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेखाली आणि कल्ल्यांत राहून वाढतो. त्यामुळे अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे कण दिसतात. पूर्ण वाढ झालेला परजीवी माशाला सोडून तळाशी जातो, तेथे स्वतःभोवती कोष तयार करतो आणि विभाजन होऊन त्यातून शेकडो पिल्ले पाण्यात पसरतात. त्यांना एक-दोन दिवसांत नवा मासा गाठावाच लागतो. तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर हे सारे चक्र साधारण आठवड्याभरात पूर्ण होते.

या चक्रात ग्राहकासाठी महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. शनिवारी दुकानात लागण झालेल्या माशाच्या अंगावर रविवारी एकही ठिपका दिसणार नाही. मासा कितीही निरखून पाहिला तरी त्याचा रोग कळणार नाही. मात्र त्याच टँकमध्ये आधीपासून असलेल्या एखाद्या माशाच्या शेपटीवर दोन-चार कण दिसण्याची शक्यता असते. म्हणूनच निवड एका माशाची न करता अख्ख्या टँकची करावी.

दुकानातील पहिली पाच मिनिटे

दुकानात शिरल्यावर लगेच मासा दाखवण्यास सांगू नये. आधी सर्व टँक नुसते पाहत फिरावे. एखाद्या टँकमध्ये मेलेला मासा तरंगत असेल किंवा फिल्टरला चिकटलेला असेल, तर त्या टँकमधील एकही मासा घेऊ नये, मग तो कितीही तरतरीत दिसो. मोठ्या दुकानात अधूनमधून एखादा मासा मरणे अस्वाभाविक नाही. पण तो तसाच पडून राहिला असेल, तर दुकानाच्या शिस्तीचा अंदाज येतो.

अनेक दुकानांत एकाच मोठ्या फिल्टरमधून सर्व टँकचे पाणी फिरवले जाते. बाहेरून टँक वेगवेगळे दिसत असले, तरी आत पाणी एकच असते. अशा ठिकाणी वरच्या रांगेतील आजार खालच्या रांगेत पोहोचण्यास वेळ लागत नाही. टँकच्या मागे एकमेकांना जोडलेले पाइप दिसत असतील, तर सर्व टँकची तपासणी एकच टँक समजून करावी. एकच जाळी सगळ्या टँकमध्ये बुडवली जाते का, की ती मध्ये जंतुनाशक द्रावणात ठेवली जाते, याकडेही लक्ष द्यावे.

पाण्याचा रंगही बरेच काही सांगतो. निळसर पाणी बहुधा मिथिलीन ब्लूचे, हिरवट-निळे मॅलेकाइट ग्रीनचे आणि पिवळे-हिरवट ॲक्रिफ्लेविनचे असते. ही औषधे नव्याने आलेल्या माशांना खबरदारी म्हणूनही दिली जातात. त्यामुळे रंगीत पाणी दिसताच दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही. उलट तो काळजी घेत असण्याचीही शक्यता असते. मात्र उपचार सुरू असलेल्या टँकमधून खरेदी करू नये, हे निश्चित. निळ्या, गुलाबी किंवा जांभळ्या दिव्यांखाली मासे झळाळतात. पण त्याच प्रकाशात अंगावरील ठिपके आणि फिका पडलेला रंग लपून जातो. अशा वेळी साधा पांढरा दिवा लावण्यास सांगावे.

त्यानंतर दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हे मासे दुकानात कधी आले? काल-परवा आलेल्या मालातून मासे घेणे म्हणजे प्रवासाचा सारा ताण विकत घेणे होय. आठ-दहा दिवस दुकानात राहून तगलेला मासा अधिक भरवशाचा. आवडलेला मासा लगेच न घेता आठवड्याने पुन्हा जाऊन पाहणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. काही दुकानदार थोडी आगाऊ रक्कम घेऊन मासा राखूनही ठेवतात. दुसरा प्रश्न म्हणजे, यांना खायला काय घालता आणि आत्ता थोडे घालून दाखवाल का? चिमूटभर खाद्य पडताच धावून येणारा मासा बहुधा निरोगी असतो. खाद्याकडे पाठ फिरवणारा किंवा तोंडात घेऊन पुन्हा थुंकणारा मासा टाळावा.

डोक्यापासून शेपटीपर्यंत

टँक या परीक्षेत उतरला, की मग माशाकडे वळावे. काचेवर बोटाने टकटक न करता काही पावले मागे उभे राहून आधी दुरूनच पाहावे. माणूस जवळ आला, की अनेक मासे खाद्याच्या आशेने पुढे येतात आणि आजारी मासाही क्षणभर हुशारी दाखवतो.

हालचाल : निरोगी मासा पाण्यात सहज तोल सांभाळतो. डोके खाली किंवा शेपूट खाली करून तिरका तरंगणारा, एका जागी डुलत राहणारा, दगडांवर वा खडीवर अंग घासणारा, कळपात राहणाऱ्या जातीचा असूनही एकटा कोपऱ्यात बसलेला मासा घेऊ नये.

श्वास : कल्ल्यांची उघडझाप मोजत बसण्याची गरज नाही. जातीनुसार आणि तापमानानुसार ती बदलते. शेजारच्या त्याच जातीच्या माशांशी तुलना करावी. एखाद्याचीच उघडझाप भराभर होत असेल किंवा एका बाजूचा कल्ला बंदच राहत असेल, तर कल्ल्यांत परजीवी असण्याची शक्यता असते. सगळेच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, तर दोष पाण्यात आहे.

पर : निरोगी माशाचे पर पंख्यासारखे उघडलेले असतात. ते अंगाला चिकटवून पोहणे हे ताणाचे सर्वांत लवकर दिसणारे लक्षण होय. कडा झिजलेल्या, पांढुरक्या किंवा लालसर झालेल्या असतील, तर ती पर कुजण्याची सुरुवात समजावी. भांडणात फाटलेल्या पराची कड स्वच्छ असते. तो काही दिवसांत भरून येतो.

त्वचा व खवले : मिठाच्या कणांसारखे ठिपके, सोनेरी धुळीसारखा बारीक थर, कापसासारखे पुंजके, ओठांभोवती पांढरट चट्टा किंवा अंगाला अडकलेल्या दोऱ्यासारखा कृमी दिसल्यास मासा तेथेच सोडावा. वरून पाहताना खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिलेले दिसत असतील, तर शरीरात पाणी साठले आहे, असे समजावे. या अवस्थेतून मासा क्वचितच बरा होतो.

डोळे : दोन्ही डोळे स्वच्छ आणि सारख्या आकाराचे असावेत. एकच डोळा बाहेर आला असेल तर ती बहुधा इजा असते. दोन्ही सुजले असतील तर आतला संसर्ग किंवा खराब पाणी कारणीभूत असते.

पोट व विष्ठा : पोट खपाटीला गेलेला, पाठीचा कणा वर आल्यासारखा दिसणारा, डोके मोठे आणि अंग बारीक असा मासा बराच काळ उपाशी किंवा आतून आजारी असतो. लांब, पांढरी, चिकट विष्ठा आतड्यांतील परजीवींकडे बोट दाखवते. गुदद्वारातून लाल बारीक धागे बाहेर आलेले दिसले, तर ते कृमी असतात. गप्पी आणि मॉलीसारख्या माशांत ते विशेषतः आढळतात.

सोसायटीच्या कुंडीत किंवा पालिकेच्या मोहिमेत डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडला जाणारा गप्पी इतका काटक, की तो कोठेही जगतो, असा समज आहे. दुकानातील लांब, रंगीत शेपटीचा गप्पी मात्र पिढ्यान् पिढ्या सौंदर्यासाठी निवडलेला असतो. त्याच्याकडून तेवढ्या काटकपणाची अपेक्षा ठेवू नये आणि त्याची निवडही तितक्याच बारकाईने करावी.

प्रत्येक ठिपका म्हणजे रोग नव्हे

अर्धवट माहितीमुळे निरोगी मासाही नाकारला जातो. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांवर विणीच्या काळात पांढरे, टोकदार दाणे येतात. ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे वाटतात. पण एका ठरावीक जागी आणि ओळीत असतात. मादी गप्पीच्या पोटाच्या मागच्या बाजूला दिसणारा काळसर डाग ही गर्भाची खूण आहे. फायटर आणि गौरामी या माशांना पृष्ठभागावरील हवा घेण्यासाठी कल्ल्यांजवळ खास अवयव असतो. त्यामुळे ते वारंवार वर आले, तर काळजीचे कारण नाही. बोटियासारखे तळाशी राहणारे काही मासे विश्रांतीच्या वेळी चक्क कुशीवर पडून राहतात. निऑन टेट्राचा रंग अंधारात फिका पडतो आणि दिवा लावल्यावर काही वेळाने परत येतो. टेलिस्कोप जातीच्या गोल्डफिशचे डोळे जन्मजातच बाहेर आलेले असतात आणि पर्लस्केलचे खवले मोत्यांसारखे फुगीर असतात. जी जात घ्यायची तिचे नेहमीचे रूप आधी माहीत करून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

निरोगी, तरीही नको

सर्व परीक्षांत उत्तीर्ण झालेला मासाही आपल्या घरासाठी योग्य असेलच, असे नाही. दुकानात बोटाएवढे दिसणारे अनेक मासे प्रत्यक्षात पिल्ले असतात. ऑस्कर फूटभर वाढतो. ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे पंगासचे चकचकीत पिल्लू पूर्ण वाढीत एक मीटरपर्यंत जाऊ शकते. काच साफ करण्यासाठी म्हणून हमखास गळ्यात मारला जाणारा सकर मासा दीड फुटापर्यंत वाढतो, भरपूर विष्ठा टाकतो आणि मोठेपणी शेवाळाकडे फारसे पाहतही नाही. ‘टँक लहान असला की मासाही लहान राहतो,’ हा युक्तिवाद फसवा आहे. खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते, आरोग्य ढासळते आणि आयुष्य घटते.

गोल्डफिशच्या बाबतीत तर गैरसमजांची परंपराच आहे. काचेच्या गोल भांड्यात फिरणारा गोल्डफिश जाहिरातींत आणि चित्रपटांत शोभून दिसतो. वास्तविक हा थंड पाण्याचा, वीतभर वाढणारा आणि नीट सांभाळल्यास दहा-पंधरा वर्षे जगणारा मासा आहे. भांड्यात तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरतो आणि ‘गोल्डफिश फार दिवस जगत नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो.

काही माशांचे सौंदर्यच संशयास्पद असते. पारदर्शक अंगाचा काचमासा हा मूळचा भारतीय उपखंडातील. त्याच्या अंगात सुईने रंग टोचून हिरव्या, गुलाबी पट्ट्यांचे ‘रंगीत’ मासे विकले जातात. या प्रक्रियेत अनेक मासे दगावतात, वाचलेल्यांना संसर्ग सहज होतो आणि रंगही काही महिन्यांत उतरतो. पाठीचा कणा आखूड करून पैदास केलेल्या फुगीर पोटाच्या ‘बलून’ मॉली किंवा तोंड नीट मिटू न शकणारा संकरित ‘पॅरट’ यांना जन्मभर पोहण्या-खाण्याचा त्रास असतो. ग्राहकाने मागणे थांबवले, तरच असा माल येणे थांबेल.

कायद्याचीही जाण ठेवलेली बरी. समुद्री घोड्याला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून तो घरी ठेवता येत नाही. ‘लकी फिश’ म्हणून मोठ्या किमतीला विकला जाणारा आशियाई आरोवाना हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध असलेला मासा आहे. कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली आहे. केरळ व कर्नाटकातील सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणारा, ‘मिस केरळ’ या नावाने ओळखला जाणारा डेनिसन बार्ब हौशी बाजारासाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला. तो घ्यायचाच असेल, तर पैदास केंद्रातील आहे का, हे विचारून घ्यावे.

घरचे पाणी तयार आहे का?

दुकानातून उत्तम मासा निवडून आणला आणि तो नळाच्या ताज्या पाण्यात सोडला, तर साऱ्या निवडीवर पाणी पडते. मासे आपल्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. अमोनिया माशांना घातक असतो. फिल्टरमध्ये आणि खडीवर हळूहळू वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच प्रमाणात निरुपद्रवी असलेल्या नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतातच. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टँक आणि मासे एकाच दिवशी घरी आणणाऱ्यांचे मासे पहिल्या पंधरवड्यात का मरतात, याचे उत्तर बहुतांशी येथे सापडते.

त्यामुळे टँक आधी आणावा, फिल्टर चालू करावा आणि शक्य असल्यास एखाद्या मित्राच्या जुन्या, निरोगी टँकमधील फिल्टरचा थोडा स्पंज त्यात ठेवावा. रोज किंचित खाद्य टाकून जिवाणूंना पोसावे. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे संच दुकानांत मिळतात. दोन्हींचे प्रमाण शून्यावर आल्यावर मासे आणावेत आणि तेही एकदम न आणता तीन-चारच्या गटाने आणावेत.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे आणि जिवाणू या दोघांनाही मारते. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्यास क्लोरीन बरेचसे उडून जाते. अन्यथा दुकानात मिळणारे क्लोरीनरोधक वापरावे. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून मुंबईला मिळणारे पाणी सौम्य असते आणि ते टेट्रा, बार्ब अशा जातींना मानवते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी बहुधा जड असते. अशा पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी अधिक सुखात राहतात. आपल्या घरी कोणते पाणी येते, त्यावर जातीची निवड ठरावी.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता ४५ लिटरच्या आसपास उरते. त्यात दहा-बारा गप्पी किंवा तेवढेच टेट्रा पुरेसे झाले. उन्हाळ्यात तर गर्दी अधिकच धोक्याची असते. कारण २० अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात गोल्डफिशचे हाल का होतात, हे यावरून ध्यानात यावे.

पिशवीतून थेट टँकमध्ये नको

खरेदी शक्यतो परतीच्या वाटेवर, शेवटी करावी. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि उरलेली हवा असावी. पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून अंधारात ठेवल्यास मासा शांत राहतो. चारचाकीत मागच्या काचेखाली उन्हात ती ठेवू नये.

घरी आल्यावर दिवा बंद करून बंद पिशवी १५-२० मिनिटे टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान सारखे होते. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी टँकमधील थोडे पाणी तिच्यात घालावे आणि अर्ध्या तासाच्या आत मासा जाळीने उचलून टँकमध्ये सोडावा. दुकानाचे पाणी आपल्या टँकमध्ये ओतू नये. त्यासोबत परजीवीही येतात. बाहेरगावाहून दहा-बारा तासांच्या प्रवासाने आलेल्या पिशवीचा नियम थोडा वेगळा आहे. माशांच्या श्वासामुळे तिच्यात कर्बवायू साठतो, पाणी आम्लधर्मी होते आणि त्यामुळे अमोनियाचा विषारीपणा दबलेला राहतो. पिशवी उघडताच कर्बवायू उडून जातो आणि तोच अमोनिया घातक होतो. म्हणून तापमान जुळल्यावर अशी पिशवी उघडून रेंगाळू नये, मासा त्वरित हलवावा.

घरात आधीपासून मासे असतील, तर नव्या पाहुण्याला दोन ते चार आठवडे वेगळे ठेवणे श्रेयस्कर. त्यासाठी दुसरा शोभिवंत टँक लागत नाही. झाकण असलेला २०-२५ लिटरचा प्लास्टिकचा टब, हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर, लपण्यासाठी एखादे मातीचे भांडे आणि वेगळी जाळी एवढे पुरते. पांढऱ्या ठिपक्यांचे चक्र या मुदतीत उघडे पडते आणि उपचार करावे लागले, तरी ते एवढ्याशा पाण्यात करावे लागतात. शे-दोनशे रुपयांच्या नव्या माशासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटू शकते. पण तो मासा थेट मुख्य टँकमध्ये सोडल्यास पणाला लागतात ते वर्षानुवर्षे सांभाळलेले सगळे मासे.

मासा मलूल दिसताच घरातील माणसांच्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल टँकमध्ये रिकाम्या करण्याचा प्रघात घातक आहे. त्यामुळे फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू मरतात आणि रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात. आधी पाणी तपासावे, त्याचा चौथा हिस्सा बदलावा आणि मगच औषधाचा विचार करावा. माशांतील क्षयासारख्या एका आजाराचे जिवाणू माणसाच्या हातावरील जखमेतून शिरून त्वचेवर चिवट गाठी उठवू शकतात. त्यामुळे हाताला जखम असताना टँकमध्ये हात घालू नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांनाही ही सवय लावावी.

नकोसा झालेला मासा तलावात नको

टँकमध्ये न मावणारा मासा जवळच्या तलावात किंवा नदीत सोडणे अनेकांना भूतदयेचे वाटते. प्रत्यक्षात त्याने दुहेरी हानी होते. बहुतेक शोभिवंत मासे तेथे मरतात आणि जे तगतात ते स्थानिक माशांच्या मुळावर उठतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा असाच सुटून देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशातही त्याने ठाण मांडले आहे. त्याच्या काटेरी, टणक अंगामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भावही मिळत नाही. नको असलेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी मत्स्यपालकाला द्यावा.

अखेरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. टँकच्या कोपऱ्यात मलूल पडलेल्या माशाची कीव येऊन तो विकत घेण्याचा मोह अनेकांना होतो. भावना चांगली असली, तरी परिणाम चांगला होत नाही. तो मासा वाचण्याची शक्यता कमी, घरच्या माशांना धोका अधिक आणि आजारी मालही खपतो हे दुकानदाराला कळते ते वेगळेच. त्यापेक्षा दुकानदाराच्या लक्षात ती बाब आणून द्यावी आणि त्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे. चोखंदळ ग्राहक वाढले, की माल स्वच्छ ठेवणाऱ्या दुकानदारालाही त्याचे मोल मिळते. एक रविवार रिकामा गेला, तर बिघडत नाही. पुढच्या रविवारी तोच टँक, तेच मासे पुन्हा पाहावेत. सगळे जिथल्या तिथे, पर पसरून, खाद्यावर तुटून पडताना दिसले, तर खुशाल पिशवी भरण्यास सांगावे.